श्रवणयंत्राची कसोटी शब्दांवर : एका जोडीचे परीक्षण

श्रवणयंत्रांची परीक्षणे वाचताना एक उणीव मला सतत जाणवते. आकार, रंग, चार्जिंग, मोबाइलवरचे ॲप आणि 'आवाज किती छान येतो' यांविषयी त्यांत भरपूर मजकूर असतो. परंतु समोरच्या व्यक्तीने 'पाट' म्हटले की 'पाठ', हे यंत्र लावल्यावर नेमके कळले का, याची नोंद क्वचितच सापडते. माणूस श्रवणयंत्र घेतो ते बोललेले समजावे म्हणून. पंख्याची घरघर आणि दाराची कडी अधिक ठळक ऐकू येऊ लागली तर ती जमेची बाजू खरी, पण तिच्यासाठी कोणी कानावर यंत्र चढवत नाही. त्यामुळे हे परीक्षण मी त्या एकाच प्रश्नापुरते ठेवले आहे: यंत्राने आवाज वाढवला, त्यातून समजणारे शब्द किती वाढले?

परीक्षणाधीन जोडी कानामागे बसणारी आहे. मुख्य भाग कानाच्या पाळीमागे राहतो, त्यातून निघालेली बारीक तार कानाच्या नळीत उतरते आणि तारेच्या टोकाला चिमुकला स्पीकर असतो. त्यावर मऊ सिलिकॉनची छिद्रे असलेली टोपी बसते, जिला सगळे 'डोम' म्हणतात. प्रत्येक यंत्रात दोन मायक्रोफोन, लिथियम-आयन बॅटरी आणि ब्लूटूथ आहे. अनेक उत्पादक या धाटणीची यंत्रे काढतात आणि त्यांची मूळ रचना सारखीच असते. म्हणून पुढे लिहिलेले बहुतेक या प्रकाराला लागू पडेल, एका छापाला नव्हे. मी ही जोडी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत रोज वापरते.

परीक्षण नीट वाचता यावे म्हणून माझ्या श्रवणदोषाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, १००० हर्ट्झपर्यंतची (सेकंदाला १००० कंपनांपर्यंतची) रेषा जवळजवळ सामान्य आहे. २००० हर्ट्झपासून ती उतरू लागते आणि ४००० हर्ट्झपाशी बरीच खाली जाते. वाढत्या वयातला श्रवणऱ्हास बहुधा याच रीतीने, वरच्या कंपनसंख्यांपासून सुरू होतो. या उताराचा परिणाम विलक्षण असतो. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांमध्ये असते आणि ती खालच्या कंपनसंख्यांत एकवटलेली असते. शब्दाची ओळख मात्र मोठ्या प्रमाणात व्यंजनांवर टिकून असते, आणि 'स', 'फ', 'थ', 'ख' यांचे हलके घर्षण किंवा फुंकर वरच्या पट्ट्यात असते. त्यामुळे बोलणे पुरेसे मोठे ऐकू येते, कोण बोलते आहे हेही कळते, आणि तरीही शब्द निसटतात. 'तुला ऐकू येते, फक्त तुझे लक्ष नसते' हे वाक्य ज्या असंख्य लोकांना घरच्यांकडून ऐकावे लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत खरे कारण या उतारात दडलेले असते. घरच्यांनी हे एवढे एक जरी समजून घेतले तरी कितीतरी कटुता टळेल.

येथेच श्रवणयंत्राची मर्यादाही स्पष्ट होते. प्रत्येक कानाच्या कॉक्लियामध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आतल्या आणि सुमारे १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. बाहेरच्या केशपेशी हळू आवाज उचलून धरतात आणि जवळजवळच्या कंपनसंख्या एकमेकींपासून वेगळ्याही राखतात. या पेशी गेल्या की दोन नुकसाने होतात: आवाज मंदावतो आणि त्याचे तपशील एकमेकांत मिसळतात. यंत्र पहिले नुकसान भरून काढू शकते; दुसरे भरून काढण्याचा मार्ग त्याच्याकडे जवळजवळ नाही. चष्मा लावल्यावर अक्षर जसे तत्क्षणी रेखीव दिसते, तसा अनुभव श्रवणयंत्राकडून अपेक्षिणाऱ्यांच्या पदरी म्हणूनच निराशा येते, आणि यंत्र कपाटात जाऊन पडते.

आता प्रत्यक्ष जोडीकडे वळते. जिथून मी यंत्रे घेतली, त्या केंद्रात ऑडिओग्रामचे आकडे संगणकात भरले गेले, उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने सुचवलेली मांडणी यंत्रांत उतरवली गेली आणि 'आता कसे वाटते?' एवढे विचारून काम संपवण्यात आले. आवाज लगेच उजळला, वर्तमानपत्राची सळसळ कानात शिरली. परंतु शब्दांच्या बाबतीत फारच थोडा फरक पडला. पुढे दुसऱ्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी कानाच्या नळीत कर्णपटलाजवळपर्यंत एक बारीक मऊ नळी सरकवली, त्या नळीला जोडलेल्या मायक्रोफोनने यंत्र चालू असताना कर्णपटलापाशी खरोखर किती आवाज पोहोचतो ते मोजले, आणि अपेक्षित पातळीची रेषा व प्रत्यक्षातली रेषा पडद्यावर एकावर एक ठेवून मला दाखवली. खालच्या कंपनसंख्यांत दोन्ही रेषा जुळत होत्या. ३००० हर्ट्झच्या पुढे मात्र प्रत्यक्षातली रेषा लक्ष्याच्या पुष्कळ खाली होती. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी यंत्र घेतले, नेमका तोच पट्टा उपाशी राहिला होता.

या मोजणीसाठी वापरला जाणारा ध्वनी मला अतिशय रोचक वाटला. सहा भाषा बोलणाऱ्या सहा स्त्रियांच्या वाचनाचे छोटे तुकडे करून, ते उलटसुलट जोडून तो तयार केला आहे. ऐकताना कोणीतरी सलग बोलत असल्याचाच भास होतो, बोलण्याचे चढउतार आणि विराम त्यात असतात, पण अर्थ एकाही शब्दाला नसतो. यंत्राला बोलणे ओळखता यावे आणि ऐकणाऱ्याने अर्थाच्या आधारे उणीव भरून काढू नये, ही दोन्ही उद्दिष्टे त्यातून साधतात. हा ध्वनी सुरू ठेवून बाईंनी वरच्या पट्ट्यातली वाढ टप्प्याटप्प्याने चढवली, शिट्टी वाजू लागली तेव्हा एक माप मोठा डोम बसवला, आणि रेषा बऱ्याच अंशी लक्ष्यावर आणल्या. यंत्र तेच होते. शब्दांच्या दृष्टीने ते त्या दिवसापासून उपयोगी झाले. या जोडीविषयी माझे जे चांगले मत पुढे दिसेल, त्यातला मोठा वाटा या मोजणीचा आहे.

शब्दांची तपासणी मी घरी शांत खोलीत केली. माझी धाकटी बहीण पाठीमागे उभी राहून जोडशब्दांतला कोणताही एक शब्द वाचत असे आणि मी जे ऐकले ते लिहीत असे. ओठ दिसू नयेत म्हणून ती पाठीमागे, आणि संदर्भाने अंदाज बांधता येऊ नये म्हणून वाक्याऐवजी सुटा शब्द. 'काडी' आणि 'खाडी', 'पाट' आणि 'पाठ', 'ताट' आणि 'थाट' या जोड्या यंत्राशिवाय मला जवळजवळ सारख्याच वाटत. मोजणीनंतरच्या मांडणीत त्यांतल्या बहुतेक ओळखता येऊ लागल्या. 'बार' आणि 'भार' किंवा 'दार' आणि 'धार' या घोष (उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात अशा व्यंजनांच्या) जोड्या यंत्राशिवायही बऱ्यापैकी कळत असत, कारण महाप्राण (हकारयुक्त) घोष व्यंजनानंतरचा श्वासमिश्रित सूर खालच्या कंपनसंख्यांतही उमटतो आणि तो भाग माझ्या कानाने अजून राखला आहे. 'वात' आणि 'वाट', 'साथ' आणि 'साठ' या जोड्यांत सुधारणा झाली, पण पूर्ण भरवसा आला नाही. दंत्य (जीभ दातांना लावून उच्चारलेले, जसे 'त') आणि मूर्धन्य (जीभ मागे वळवून उच्चारलेले, जसे 'ट') यांतला फरक वरच्या कंपनसंख्यांतल्या फार थोड्या काळाच्या हालचालींत असतो, आणि तपशील मिसळण्याचे जे नुकसान वर सांगितले, ते येथे आडवे येते.

'क' आणि 'ख' यांतला फरक किती सूक्ष्म काळाचा असतो, हे पाहिले की यंत्राकडून काय मागितले जात आहे याची कल्पना येते. जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंतचा जो अवकाश, तो 'क'मध्ये अगदी थोडा आणि 'ख'मध्ये सेकंदाच्या काही शतांशांनी अधिक असतो. ली लिस्कर आणि आर्थर एब्रम्सन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ भाषांतल्या अशा व्यंजनांची मोजमापे होती आणि त्यांत मराठीचाही समावेश होता. 'क', 'ख' आणि 'ग' या एका मापाने वेगळे होतात, 'घ'ला 'ग'पासून वेगळे करायला मात्र ते पुरत नाही, असे त्यात दिसले. चार-चार व्यंजनांच्या अशा रांगा असलेली भाषा ऐकणाऱ्यासाठी यंत्राने काळाचे तपशील जपणे फार महत्त्वाचे आहे. हळू आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढवण्याचे काम ही यंत्रे सतत करतात. ते फार झटपट केले तर अक्षरातले उंचसखल भाग सपाट होतात. माझ्या जोडीत हा प्रतिसाद संथ करून घेतल्यावर महाप्राण व्यंजने अधिक खात्रीने कळू लागली. सर्वांनाच संथ प्रतिसाद मानवेल असे नाही, तथापि दोन्ही प्रकारे ऐकून पाहण्याचा आग्रह जरूर धरावा.

एका सुविधेविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. जिथे कान अजिबात साथ देत नाही, तिथला वरचा पट्टा खाली सरकवून ऐकवण्याची सोय या यंत्रात आहे आणि ती सुरुवातीला आपोआप चालू होती. तिच्यामुळे 'स' ऐकू येऊ लागला हे खरे, पण तो 'श'सारखा येऊ लागला. 'श'ची ऊर्जा मुळातच 'स'च्या खालच्या पट्ट्यात असते; 'स' खाली ओढला की दोघांतले अंतर मिटते आणि 'साल' व 'शाल' एक होतात. ज्यांचा वरचा पट्टा पूर्ण गेला आहे त्यांना ही सोय उपकारक ठरते, आणि त्यांच्यासाठी 'स' मुळीच न ऐकू येण्यापेक्षा वेगळ्या रूपात ऐकू येणे निश्चितच बरे. माझ्यासारख्या मध्यम दोषात ती बंद असावी. ती चालू आहे की बंद, हे ग्राहकाला न सांगता ठरवले जाऊ नये.

गोंगाटात ही जोडी शांत खोलीइतकी खरी उतरत नाही. अनेक माणसे एकदम बोलत असताना त्यांतल्या एकाच्या बोलण्यावर लक्ष ठेवण्याच्या क्षमतेचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ साली मांडला, आणि निरोगी कान असलेल्यांना ही क्षमता इतकी सहज लाभलेली असते की ती काही वेगळी शक्ती आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. कॉक्लियाचा दोष असलेल्या व्यक्तीला तेवढेच शब्द समजण्यासाठी भोवतालच्या आवाजापेक्षा बोलणे काही डेसिबल अधिक वर असावे लागते. काठावरच्या परिस्थितीत एका डेसिबलच्या फरकाने वाक्यातल्या शब्दांच्या आकलनात साधारण १० टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून 'काही डेसिबल' ही क्षुल्लक गोष्ट नाही.

दोन मायक्रोफोनांच्या साहाय्याने समोरचा आवाज धरून मागचा दाबण्याची व्यवस्था येथे कामी येते. टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीचे बोलणे, पाठीमागे गलका असताना, या व्यवस्थेने मला स्पष्टपणे अधिक समजते. बाजूला बसलेली व्यक्ती बोलू लागली की लाभ कमी होतो, आणि बोलणारी व्यक्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर जवळजवळ नाहीसा होतो, कारण तिथून येणारा आवाज भिंतींवर आपटून सर्व बाजूंनी येऊ लागतो. याखेरीज 'गोंगाट कमी करा' या नावाची आणखी एक सोय ॲपमध्ये आहे. तिने पंख्याचा आणि रहदारीचा त्रास निश्चित कमी होतो, डोके शांत राहते; समजणारे शब्द तिने वाढल्याचे मला जाणवले नाही. ती चालू ठेवावी, तिच्यावर विसंबू नये.

गोंगाटात खरा आधार डोळ्यांचा आहे. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५ साली गोंगाटात व्यंजनांची कशी गफलत होते ते तपासले, तेव्हा व्यंजन घोष आहे की अघोष, अनुनासिक आहे की नाही, हे गुण गोंगाटात तग धरतात आणि ते तोंडात कोठे उच्चारले गेले ही माहिती लवकर हरवते, असे आढळले. सुदैवाने हरवणारी हीच माहिती ओठांवर आणि जिभेच्या टोकावर पुष्कळ अंशी दिसते. 'प' की 'त' हे डोळा सांगतो, 'प' की 'ब' हे कान सांगतो. ही सांगड इतकी घट्ट आहे की हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांच्या १९७६ सालच्या प्रयोगात 'बा'चा आवाज आणि 'गा' म्हणणारा चेहरा एकत्र दाखवला असता लोकांना 'दा' ऐकू आले. हे सारे यंत्राच्या परीक्षणाशी थेट संबंधित आहे: यंत्र आणि बोलणाऱ्याचा उजेडात असलेला चेहरा यांनी मिळून मला जेवढे समजते, तेवढे दोन्हींपैकी कोणा एकाने समजत नाही. विक्रेत्याने यंत्र विकताना हे सांगितले पाहिजे, आणि घरच्यांनी दुसऱ्या खोलीतून हाक मारणे सोडले पाहिजे.

अर्थाच्या आधाराविषयीही थोडे सांगते, कारण यंत्राचे यश मोजताना तो नेहमी फसवतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली ध्वनिमुद्रित वाक्यातला एक 'स' पूर्ण काढून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांना तो शब्द अखंड ऐकू आला आणि खोकला नेमका कोठे आला हेही सांगता आले नाही. त्याच जागी शांतता ठेवली तेव्हा मात्र खंड लक्षात आला. मेंदू गाळलेल्या जागा भरतो आणि भरल्याचे कळूही देत नाही. त्यामुळे ओळखीच्या माणसाबरोबर ओळखीच्या विषयावर बोलून 'सगळे समजते आहे' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यंत्र त्या वेळी किती काम करत आहे आणि मन किती, हे त्यातून कळत नाही. जागा भरण्याच्या या कामाला मेंदूला कष्ट पडतात. पूर्वी दिवसभराच्या संभाषणानंतर संध्याकाळी जो थकवा येत असे, तो या जोडीने बराच हलका केला, आणि समजलेल्या शब्दांच्या वाढीइतकेच मी या हलकेपणाला मोल देते.

अंदाजाला जिथे वावच नसतो, अशी जागा म्हणजे फोनवर सांगितलेले आकडे आणि नावे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि 'स'ची बहुतेक ऊर्जा त्याच्या वर राहते. परिणामी 'साठ' आणि 'आठ' यांत फक्त सुरुवातीच्या एका क्षीण घर्षणाचा फरक उरतो, आणि तेही तारेत अडते. यंत्रापर्यंत जे पोहोचतच नाही ते यंत्र वाढवू शकत नाही. ब्लूटूथमुळे फोनचा आवाज दोन्ही कानांत थेट उतरतो, भोवतालचा आवाज मध्ये येत नाही आणि सलग बोलणे उत्तम समजते. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये पट्टा रुंद असल्याने 'स'ही सुखरूप येतो. साध्या फोनवर मात्र आकडे मी आजही एकेक करून पुन्हा म्हणून घेते, आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला वाटते.

जोडीबरोबर वेगळा घ्यावा लागणारा एक छोटा मायक्रोफोन आहे, जो बोलणाऱ्याच्या कपड्याला चिमट्याने अडकवतात. या साऱ्या संचात शब्दांच्या दृष्टीने सर्वांत गुणकारी वस्तू कोणती असे विचारले तर मी निःसंकोच त्याचे नाव घेईन. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असला की हे अंतर जवळजवळ पुसले जाते, आणि घुमणाऱ्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसूनही वक्त्याचे 'त' आणि 'थ' वेगळे ऐकू येतात. एकच माणूस बोलत असेल तिथे याला तोड नाही. चर्चेत तो हातोहाती फिरवावा लागतो, आणि काही लोक तो हातात घ्यायला संकोचतात.

उरलेल्या बाबी थोडक्यात. यंत्रातून येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो. सुरुवातीला त्यामुळे स्वतःचे बोलणे पोकळ वाटते, नंतर ते जाणवेनासे होते. बॅटरी दिवसभर पुरते, फोनवर दीर्घ बोलणे झाल्यास मात्र संध्याकाळी तिची आठवण ठेवावी लागते. स्पीकरच्या तोंडाशी असलेली मळ अडवणारी जाळी वेळच्या वेळी बदलणे अगत्याचे आहे. ती अर्धवट बुजली की प्रथम जातात ते वरच्या पट्ट्यातले आवाज, आणि ऐकू येणे कायम राहूनही समजणे घटू लागते. शब्द पुन्हा चुकू लागले तर आधी ही जाळी पाहावी.

सौम्य ते मध्यम दोष असलेल्या आणि मुख्यतः घरात, लहान गटात बोलणाऱ्या व्यक्तीला ही जोडी मी निश्चित सुचवीन. ज्यांना सभा, वर्ग किंवा बैठकांतच बहुतेक वेळ काढायचा आहे, त्यांनी महागड्या श्रेणीकडे जाण्याऐवजी मधल्या श्रेणीची जोडी आणि वेगळा मायक्रोफोन घ्यावा. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी कानाच्या नळीतली मोजणी करून रेषा दाखवण्यास सांगावे, शब्दांची तपासणी यंत्राशिवाय आणि यंत्रासह, शांततेत आणि गोंगाटात, अशी करून घ्यावी, आणि घरच्या एका माणसाला बरोबर न्यावे, म्हणजे त्याच्या आवाजातही ती होईल. एवढे करून देण्याची ज्या केंद्राची तयारी नसेल, तिथून हे यंत्र घेऊ नये, मग ते कितीही नामांकित असो.